माशांचा विषाणूंशी लढा आणि आपले काम

(नवेगाव बांध, जि. गोंदिया येथे मत्स्यसंवर्धकांसमोर दिलेले भाषण)



कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावचा हा बांध आणि आसपासचे मामा तलाव यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. तलावात मासे मरून तरंगू लागले की वर्षाची कमाई पाण्यात जाते. मग पहिला प्रश्न येतो, "साहेब, कोणते औषध टाकू?" रोग विषाणूचा असेल, तर त्यावर तलावात टाकण्याचे औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. विषाणूशी मासा स्वतःच लढतो. आपण त्याचे बळ राखायचे.

संरक्षणाच्या तीन फळ्या

पहिली फळी म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. जंतूंना अडवणारे आणि मारणारे पदार्थ त्यात असतात. जाळ्यात घासून किंवा टोपलीत कोंबून हा थर निघाला, की जंतूंना वाट मोकळी होते.

दुसरी फळी पेशींची. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडते. त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूची वाढ रोखणारी प्रथिने बनवतात. एका घरात चोर शिरल्याची हाक ऐकून शेजाऱ्यांनी कड्या लावाव्यात, तसाच हा प्रकार.

तिसरी फळी प्रतिपिंडांची. मूत्रपिंडाचा पुढचा भाग आणि प्लीहा यांतील पेशी ती तयार करतात. त्याला काही आठवडे लागतात. पण एकदा ओळख पटली, की तोच विषाणू पुन्हा आल्यास प्रतिकार लवकर होतो. लस याच गुणावर चालते. चीनमध्ये गवत्या माशाच्या रक्तस्रावी रोगावर लस वापरतात. आपल्या कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी विषाणूरोगाची लस अद्याप वापरात नाही.

पाण्याचे तापमान आणि ताण

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. थंडीत पाणी गार झाले, की प्रतिपिंडे तयार होण्याचे काम मंदावते. सायप्रिनसवरील एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हर्पिस विषाणूची लागण झालेले मासे २४ अंशांचे पाणी सोडून ३२ अंशांच्या पाण्यात गेले आणि बहुतेक वाचले; २४ अंशांतच अडकवलेले दगावले. आपल्याला ताप येतो, तसा मासा ऊब शोधून ताप मिळवतो. मात्र सर्वच विषाणू उबेने हटत नाहीत. तिलापियाचा विषाणू उबदार पाण्यातच उपद्रव करतो. तो भारतात आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दाटी, प्राणवायूची कमतरता, कुजलेला गाळ आणि वारंवार जाळे ओढणे यांनी माशावर ताण येतो. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि प्रतिकारशक्ती खालावते.

हे करा

१. बोटुकली ओळखीच्या, खात्रीच्या केंद्रातूनच घ्या.

२. नवे बीज दोन-तीन आठवडे वेगळ्या खड्ड्यात ठेवून पाहा. त्याच तलावातील हाप्यात ठेवले, तर पाणी एकच असल्याने उपयोग होत नाही.

३. वाहतूक आणि संचयन सकाळी किंवा सायंकाळी करा. पिशवी थोडा वेळ तलावात तरंगत ठेवून मगच बीज सोडा.

४. कडाक्याच्या थंडीत विनाकारण जाळे ओढू नका. मासा कमी खातो, म्हणून खाद्यही कमी करा.

५. एका तलावाचे जाळे दुसऱ्या तलावात नेण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात वाळवा.

६. मेलेले मासे रोज काढून, चुना टाकून तलावापासून दूर पुरा.

निदान अंदाजाने नको

पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत असतील, तर बहुधा प्राणवायू कमी आहे. तो विषाणू समजू नका. १९८८ मध्ये व्रणरोग भारतात आला आणि मरळीसह अनेक मासे दगावले. त्यात सुरुवातीला विषाणूवर संशय होता. पुढे मूळ कारण बुरशीसारखा एक जीव ठरला. तज्ज्ञांचाही अंदाज चुकतो, म्हणून तपासणी करून घ्या. कुजलेला मासा त्यासाठी निरुपयोगी असतो. लक्षणे दिसणारे जिवंत मासे घेऊन मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी किंवा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी संपर्क साधा.

मित्रहो, औषधाच्या बाटलीवर होणारा खर्च चांगले बीज, चुना आणि वेगळा खड्डा यांवर करा. माशाला लढायला बळ राहील आणि तुमचे वर्ष वाया जाणार नाही.