राहून गेलेले पैसे

नायगाव म्हटले म्हणजे कोणास मुंबईतील दादरशेजारचे नायगाव आठवते, तर कोणास सातारा जिल्ह्यातील, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव असलेले नायगाव. येथे अभिप्रेत आहे ते वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावरचे, मिठागरांच्या शेजारचे नायगाव. पश्चिम रेल्वेची गाडी भाईंदर सोडून खाडीवरील पुलांवर चढते, मधले पाणजू बेट ओलांडते आणि पलीकडच्या काठास लागते, तेच हे स्थानक. कोळी, आगरी आणि ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या या वस्तीत एके काळी दुकानदार व गिऱ्हाईक एकमेकांस नावानिशी ओळखत, आणि कोणाकडे किती राहिले हे वहीत लिहिलेले असे. पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि स्थानकाच्या पूर्वेस उंच इमारती उभ्या राहिल्या. आज सकाळी गाडीकडे धावणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांची नावे हॉटेलवाल्यास ठाऊक नसतात. तरीही तो चहा आधी देतो आणि पैसे मागाहून घेतो.

या साध्या रिवाजाकडे श्रोत्यांनी क्षणभर लक्ष द्यावे. कापडवाला पैसे घेतल्यावाचून कापड हातून सोडीत नाही. रेल्वे तर तिकिटावाचून फलाटावरही पाऊल ठेवू देत नाही. हॉटेलवाला मात्र अनोळखी माणसास आपला माल पोटात घालू देतो आणि मग गल्ल्याशी त्याची वाट पाहत बसतो. खाल्लेले परत घेता येत नाही हे त्यास पक्के ठाऊक असते. त्याचा सारा धंदा या एका विश्वासावर चालतो.

आता असे समजा की, सकाळी आठच्या सुमारास एक गृहस्थ अशा हॉटेलात उसळपाव आणि चहा घेत बसले आहेत. तेवढ्यात गाडी येत असल्याची घोषणा होते. चार बाकांवरची माणसे एकदम उठतात. मालक एका गिऱ्हाइकास सुटे पैसे मोजून देत असतो, पोऱ्या आत कपबशा विसळीत असतो. गर्दीच्या ओघात हे गृहस्थही बाहेर पडतात, जिना चढतात, उतरतात आणि डब्यात शिरतात. गाडी खाडीवर येते, गार वारा लागतो, रुमालासाठी हात खिशात जातो आणि हॉटेलात देण्यासाठी वेगळी काढून ठेवलेली नोट हातास लागते.

येथपर्यंत त्यांच्या हातून काहीही वावगे झालेले नाही. विस्मरण हा मनाचा धर्म आहे. त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये. चौघे मित्र एकत्र बसतात आणि पैसे दुसऱ्याने दिले असतील अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत असते, तेव्हाही हेच घडते. आता यूपीआय आले आहे. २०१६ सालापासून रूढ झालेल्या या रीतीत मोबाइलवर चक्र फिरत राहते, पैसे गेले असे वाटून माणूस निघून जातो, आणि ते वाटेतच अडकल्याचे त्यास दुपारी कळते. या सर्वांत लबाडीचा लवलेशही नाही.

खरा प्रश्न पुलावर उभा राहतो. आठवण झाली, पुढे काय?

कायदे करणाऱ्यांनीही या क्षणाचा विचार केलेला आढळतो. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत अप्रामाणिकपणाची व्याख्या करताना, वस्तू गैरपणे मिळविणे आणि ती गैरपणे ठेवून घेणे या दोहोंचा समावेश केला होता. तिच्या ४०३ व्या कलमाखाली एक सुबोध उदाहरणही दिले होते. एखाद्याने दुसऱ्याची वस्तू स्वतःचीच समजून सद्भावनेने उचलली तर ती चोरी नव्हे; परंतु चूक कळून आल्यावर ती अप्रामाणिकपणे आपल्या उपयोगास लावली तर तो अपराध होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली, तरी हा विचार तिच्यातही कायम आहे. वस्तू तीच, माणूस तोच. मध्ये घडते ते एवढेच की, त्यास आपली चूक कळते.

अर्थात चहाच्या पैशापायी कोणी तुरुंगात जात नाही. चहा पिऊन संपलेला असतो आणि उरते ते देणे. हे देणे दिवाणी स्वरूपाचे असते. १८७२ सालच्या करार कायद्याच्या ७० व्या कलमाचे तत्त्व असे आहे की, एकाने दुसऱ्यास काही फुकट देण्याचा हेतू नसताना दिले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. अशा येण्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. यावरून काहीजण असे अनुमान काढतात की, तीन वर्षे लोटली म्हणजे देणेच सरले. ते बरोबर नाही. मुदत संपते ती दाव्याची. त्याच करार कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे, मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे लेखी व सही केलेले वचन दिल्यास ते वचन बंधनकारक ठरते. देणे मुळीच उरले नसते तर त्यासंबंधीच्या वचनास एवढा मान कायद्याने दिला नसता.

परंतु पुलावरच्या त्या गृहस्थांस कायद्याची भीती वाटत नसते, आणि दहापंधरा रुपयांचा मोहही नसतो. त्यांस अडविते ती लाज. ‘आता परत गेलो तर मालक काय म्हणेल? हा पळूनच गेला होता, पकडला जाईन या धास्तीने आला, असे तर नाही ना म्हणणार? चार माणसांत बोलला तर?’ मग ते संध्याकाळचा वायदा करतात. संध्याकाळी हॉटेलात गर्दी असते, म्हणून उद्याचा करतात. उद्या गाडीची घाई असते. चौथ्या दिवशी पैसे देण्यापेक्षा इतके दिवस का दिले नाहीत हे सांगणेच अवघड होऊन बसते. आणि मग एके दिवशी हे गृहस्थ हॉटेलासमोरचा नित्याचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने स्थानकाकडे जाऊ लागतात. चोर समजले जाऊ या भयाने माणूस चोरासारखा वागू लागतो तो असा. मालकास कदाचित त्यांचा चेहराही आठवत नसेल. पण दहापंधरा रुपयांपायी त्यांनी आपली वाट बदलली.

वस्तुतः बोलावयाचे असते ते एकच वाक्य. ‘शेट, काल सकाळचे माझे पैसे राहिले, हे घ्या.’ घाई होती, गर्दी होती, कार्यालयात साहेब कडक आहे, इत्यादी पाल्हाळ लावण्याचे कारण नाही. बहुधा शेट हसून ‘अहो, राहू द्या’ असे म्हणतो. त्याचे ते म्हणणे सौजन्याचे असते. गिऱ्हाइकाने पैसे गल्ल्यावर ठेवून मगच निघावे. त्याच सकाळी गाडीत असताना स्मरण झाले आणि हॉटेलवाल्याचा मोबाइल क्रमांक जवळ असला तर भाईंदर येण्यापूर्वीच पैसे पोचविता येतात. ही सोय आपल्या वडिलांस नव्हती. मात्र पैशाबरोबर दोन शब्द कळवावे, नाहीतर कोणाचे काय आले हे शोधीत मालक बसावयाचा.

कित्येकांना असे वाटते की, एवढ्याशा रकमेने हॉटेलवाल्याचे काय बिघडणार? मालकाचे कदाचित बिघडणार नाही. पण पुष्कळ ठिकाणी बाकावरच्या गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्यापर्यंत पोचविण्याची जबाबदारी पोऱ्यावर असते आणि तूट आली की बोट त्याच्याकडे वळते. २०१९ सालच्या वेतनसंहितेप्रमाणे कामगाराच्या स्वतःच्या दुर्लक्षामुळे नुकसान झाले असेल तरच ते त्याच्या वेतनातून कापता येते, आणि तेही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. ही तजवीज उत्तम आहे. परंतु परगावाहून आलेल्या आणि हॉटेलातच निजणाऱ्या पोराला संहितेची कलमे कोण वाचून दाखविणार? त्यास शिव्या खाव्या लागतात आणि महिनाअखेरीस पगारही कमी मिळतो. म्हणून पैसे परत देताना, त्या दिवशी बाकावर कोण होता त्याचा यात दोष नव्हता, हेही मालकास सांगावे. पैशापेक्षा हे सांगणे अधिक मोलाचे ठरेल.

येथे एका पळवाटेचा उल्लेख केला पाहिजे. राहिलेली रक्कम देवाच्या पेटीत टाकून मन मोकळे करणारे लोक असतात. खाडीच्या पुलावरून जाताना निर्माल्याबरोबर नाणी सोडण्याची चालही जुनीच आहे. दानाचे पुण्य असेल ते असो. पण देणे ज्याचे त्यासच पोचले पाहिजे. शेटचे पैसे खाडीला दिल्याने खाडीचे ऋण फिटेल, शेटचे नव्हे. हॉटेल बंद झाले असेल तर मालकाचा ठावठिकाणा शोधावा. तो हयात नसेल तर त्याच्या मुलाबाळांना द्यावे. शोध करकरूनही कोणी सापडले नाही, तरच धर्मादायाचा विचार करावा, आधी नव्हे.

आणि किती द्यावे? दुसऱ्या दिवशी दिले तर जेवढे तेवढे. वर्षे लोटली असतील तर मनात व्याजाचा प्रश्न येतो. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे; एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. पण चहाची किंमतच वाढली असल्यामुळे जुन्या दोन आण्यांची दामदुप्पट म्हणून कोणी चार आणे पुढे केले तर शेटला हसूच येईल. आजच्या भावाने द्यावे हे बरे. येथे गणितापेक्षा लोकरीत उपयोगी पडते.

हिशेबाच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा पुष्कळ कडक आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहिताना एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी सारी रात्र जागून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. ती चूक दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आली नसती. कथा सांगणारे बहुधा टाळीवर भर देतात; विचार करण्याजोगी आहे ती त्या टाळीआधीची रात्र, जेव्हा दिवा जळत होता आणि कोणी विचारणारे नव्हते.

त्याच देवगिरीपासून पाचएक कोसांवर, आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरात, अलीकडे एक प्रसंग घडला. केनिया देशातील रिचर्ड टोंगी नावाचा तरुण १९८५ ते १९८९ या काळात मौलाना आझाद महाविद्यालयात शिकत होता. देश परका, भाषा परकी आणि हातात पैसा बेताचा. वानखेडेनगरात त्याचा मुक्काम होता आणि तेथील एका किराणा दुकानदाराने त्यास अडीनडीला आधार दिला. शिक्षण संपवून तो स्वदेशी गेला तेव्हा त्या दुकानदाराचे दोनशे रुपये देणे राहिले होते. ना कागद, ना जामीन. हजारो मैलांवरून दोनशे रुपयांचा तगादा कोण लावणार?

टोंगी पुढे आपल्या देशाच्या लोकसभेचे सभासद झाले. २०१९ च्या जुलै महिन्यात केनियाच्या शिष्टमंडळाबरोबर ते भारतात आले आणि पत्नीसह त्या जुन्या वस्तीत दुकानदाराचा शोध घेत पोचले. मधल्या काळात तीस वर्षे गेली होती. दारात उभा असलेला हा पाहुणा कोण, हे त्या वृद्ध दुकानदाराच्या प्रथम ध्यानातही येईना. ओळख पटली तेव्हा दोघांच्याही डोळ्यांस पाणी आले. पैसे घ्यावयास दुकानदार तयार होईना, आणि ते दिल्यावाचून पाहुणा उठेना. कधीतरी परत येऊन हे ऋण फेडावे, असे आपण तेव्हाच मनाशी ठरविले होते, या अर्थाचे उद्गार टोंगी यांनी वार्ताहरांपाशी काढले.

हे देणे विसरून राहिलेले नव्हते आणि चहाचेही नव्हते, हा भेद खरा. परंतु नायगावचे ते गृहस्थ चार दिवसांत ज्या लाजेपुढे हरले, ती लाज तीस वर्षांत किती वाढली असेल याची कल्पना करावी. लोकांनी निवडून दिलेल्या एका प्रतिष्ठित माणसास, आपण एकेकाळी किराण्याचे पैसे चुकते करू शकलो नव्हतो, हे परक्या गावात वृत्तपत्रांच्या देखत सांगावयाचे होते. ते त्यांनी सांगितले. दुकानदाराच्या कुटुंबाच्या मनात त्यांना जेवावयास हॉटेलात न्यावे असे होते. पाहुण्यांनी मात्र घरीच जेवण्याचा आग्रह धरला, आणि ते त्या घरात जेवले.