गाठीची वाक्ये

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही उपयोगाचे बोलावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. लोणची-पापड, शिवण, काटकसर यांवर अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी येथे पुष्कळ बसल्या आहेत. मी आज निराळ्याच साठवणीविषयी बोलणार आहे. पुस्तकात वाचलेले एखादे सुरेख वाक्य मनात राहून जाते आणि वर्षानुवर्षे सुख देते, ती ही साठवण.

कविता पाठ होते यात नवल नाही. तिला चाल असते, यमक असते. गद्याला यातले काही नसते, तरी एखादे वाक्य मनात घर करते. ते का? माझ्या समजुतीप्रमाणे सुंदर वाक्य म्हणजे नटवलेले वाक्य नव्हे. ज्यातला एक शब्द काढला तर ते लंगडे होते आणि एक जास्त घातला तर जड होते, ते सुंदर वाक्य.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून पुढे त्यांचे चार भाग निघाले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांचे काय हाल झाले ते त्या सांगतात, पण कसे? ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे. आपण आधी हसतो आणि मागाहून पोटात कालवते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात!

इरावतीबाई कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख पाहा. सभेत त्यांची ओळख करून देतात ती अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. पण त्यांना काहीतरी राहिल्यासारखे वाटते. ते राहिलेले पुरे करतो रस्त्यावरचा शाळकरी मुलगा, आणि तेही आपल्या सोबत्याशी बोलता बोलता. त्याचे ते वाक्य मी मुद्दामच सांगत नाही. आपणच शोधा, सापडेल तेव्हा माझी आठवण काढाल. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त (१९५६) चैत्र ते फाल्गुन असे बारा महिने आहेत. ते वाचल्यापासून दारचे झाड मला नुसते झाड राहिले नाही.

आता थोडे घरचे सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. पानाच्या कडा दिसतात; पण जेथे नजर लावावी तेच अक्षर पुसल्यासारखे होते. मोतीबिंदूसारखे हे काढून टाकता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिले काही महिने मी कपाटापुढे उभी राहून पुस्तकांवरून नुसता हात फिरवीत असे. नात मोबाइलवर पुस्तके लावून देते, ती मी आवडीने ऐकते. परंतु वाचणारा पुढे निघून जातो. आवडलेल्या वाक्यापाशी मला थांबायचे असते, त्याला नसते.

एके दुपारी गवार मोडताना लक्ष्मीबाईंचे एक वाक्य अवचित ओठांवर आले, आणि मी एकटीच हसले. सूनबाई आतून पाहायला आली! मग दुसरे आठवले, तिसरे आठवले. मोजली तर चाळीस-पन्नास भरली. एवढ्या वर्षांच्या वाचनातून एवढीच उरली, असे कोणी म्हणेल. मी म्हणते, एवढी उरली! त्यांना चष्मा लागत नाही, दिवा लागत नाही, आणि त्यांच्यापाशी हवे तितके थांबता येते.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. आपले मराठी गद्यच आठवलेल्या वाक्यांतून उभे राहिले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, आणि ‘लीळाचरित्र’ झाले. सांगणाऱ्यांत बायकाही होत्या. पुढे केशोबास संस्कृतात लिहू म्हणाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. साधी माणसे, म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, ही त्यांची काळजी. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्यासारख्यांचाच विचार करून मराठी वाक्य राखले!

म्हणून एक विनंती करते. मंडळाने एक जाड वही घालावी. दर सभेला एका भगिनीने आवडलेले एकच वाक्य, पुस्तकाच्या नावासह, तीत उतरवावे आणि मोठ्याने दोनदा वाचून दाखवावे. एकदा कानासाठी, एकदा मनासाठी. वर्षाची दहा-बारा वाक्ये होतील. तेवढी पुष्कळ झाली. डोळे धड आहेत तोवर ही बेगमी करून ठेवा. पहिले वाक्य मी देते. माझ्या वतीने ते लिहील मात्र माझी नात.