कॅमेऱ्याचं कपाट

(मंडळाच्या पावसाळी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, काही भर घालून.)



आपल्या कार्यवाहांनी मला विषय दिला, 'कॅमेरा आणि त्याचं सामान घरी कसं ठेवावं'. मी म्हटलं, मी काही छायाचित्रकार नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. गणपतीच्या दहा दिवसांत आरतीचे, नाटकाचे, मुलांच्या स्पर्धांचे फोटो काढतो, एवढाच माझा अधिकार. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तू बोल. फोटो काढणारे पुष्कळ आहेत, नीट ठेवणारा कोणी दिसत नाही." आता नीट ठेवणारा मी आहे की नाही, ते तुम्ही शेवटी ठरवा.

कॅमेरा आणि बडोदे यांचा संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते आपल्याच कलाभवनात. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, हे कलाभवन सुरू झालं. त्याच फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, आणि तो चित्रपट आज पूर्ण रूपात उपलब्ध नाही. काढणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्यावरून नेहमी आठवतं.

दुसरा संबंध घरातला. आमच्या बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता. इथल्या ज्येष्ठांपैकी अनेकांकडे असेल. एका रोळावर बारा चौकोनी फोटो. हा कॅमेरा भारतात बनायचा तो आपल्या बडोद्यातच, हे मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. बाबांनी त्यावर मंडळाचे फोटो काढले, आमच्या मुंजी काढल्या, आजीला अंगणात खुर्चीवर बसवून काढलं. नंतर याशिका आला, पण क्लिक थ्री त्यांनी कधी मोडीत दिला नाही.

आता माझी पहिली चूक सांगतो. २०१३ साली मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. हप्त्यावर घेतलेला, म्हणून जिवापाड जपायचा. पावसाळ्यात कोणी हात लावू नये म्हणून बॅगेत घातला, बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, पिशवी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली, आणि वर चार डांबरगोळ्या टाकल्या. तीन महिन्यांनी गणपतीच्या आदल्या दिवशी काढला, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. दुरुस्तीवाल्याने भिंगातून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "साहेब, फूग लागी छे." फूग म्हणजे आपली बुरशी. लोणच्याला लागते तीच जात.

मी जपायला म्हणून जे जे केलं, त्यातलं प्रत्येक बुरशीला सोयीचं होतं. तिला तीन गोष्टी लागतात: अंधार, कोंडलेली हवा आणि दमटपणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, की ती काचेवरच्या धुळीवर, बोटांच्या तेलकट डागांवर वाढू लागते. वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. लवकर लक्षात आलं तर साफ होते, उशीर झाला तर डाग कायमचा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतला दमटपणा ऐंशीच्या घरात असतो. बॅगेचं कापड आणि आतला फोम तो ओल धरून ठेवतात. चामड्याचं जुनं कव्हर तर त्याहून वाईट. म्हणून पहिला नियम: बॅग प्रवासासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. घरी आलात की सामान बाहेर काढा आणि रिकामी बॅग उन्हात टाका. बॅग उन्हात, कॅमेरा नाही.

डांबरगोळ्याही कॅमेऱ्याजवळ नकोत, आणि कापूरही नको. त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फिल्मला मानवत नाही, आणि बुरशीला त्याने ओल कमी होत नाही.

मग ठेवायचं कशात? स्वयंपाकघरात असतो तसा घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. दहा-बारा लिटरचा पुरतो. तळाशी स्वच्छ सुती कापड. एका बाजूला जाळीच्या पिशवीत दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एक छोटा आर्द्रतामापक. दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो डब्यात ठेवा आणि आकडा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राखा. फार कोरडंही बरं नाही. तीसच्या खाली गेलं तर रबर आणि चामडं सुकतं, आतलं वंगण घट्ट होतं.

सिलिका जेलचे दाणे ओल पिऊन रंग बदलतात. निळे गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. रंग बदलला की फेकू नका. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा ताजे होतात. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर, हलवत. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी आहे. म्हणून ती भांडी पुन्हा स्वयंपाकात नकोत आणि लहान मुलांच्या हाताला ते लागू देऊ नका. मी नारिंगी वापरतो. आमच्या घरी त्या तव्यावर सौभाग्यवतींनी लाल रंगाने फुली मारून ठेवली आहे, म्हणजे चूक व्हायला नको.

सामान जास्त असेल तर विजेवर चालणारं कोरडं कपाट मिळतं. आठ-दहा हजारांपासून पुढे. वीज फार खात नाही. पण पूर्वीचे स्टुडिओवाले लाकडी कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायचे, तेही शास्त्राला धरून होतं. तीस अंशांना ऐंशी टक्के दमट असलेली हवा पस्तीस अंशांपर्यंत तापवली, तर तीच हवा साठ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण गरम हवा ते जास्त पेलते. मात्र आता एलईडी बल्ब लावून उपयोग नाही, तो फारसा तापत नाही. आणि जुना बल्ब लावायचा तर वायरिंग नीट हवं, बल्बला कापड-कागद लागता कामा नये. हे मी इलेक्ट्रिकलवाला म्हणून सांगतो.

एक उपाय मात्र पूर्ण फुकट आहे. आठवड्यातून एकदा कॅमेरा हातात घ्या. पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा, दोन फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

आता बॅटऱ्या. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा. फ्लॅशमधले पेन्सिल सेल तर नक्कीच. ते फुटले की आतल्या पट्ट्या गंजतात. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, निम्म्यापर्यंत भरलेली बरी. सुट्या बॅटरीची टोकं झाकलेली असावीत. किल्ल्यांच्या डब्यात ती टाकणं धोक्याचं.

रचनेबद्दल सांगायचं तर मला ऑफिसचं एक रजिस्टर उपयोगी पडलं. आमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर असतं. खुर्ची असो, पंखा असो, प्रत्येकाला नंबर, खरेदीची तारीख, किंमत, ठिकाण. आम्ही सगळे त्याला कंटाळतो, पण घरी मी तेच केलं. शंभर पानी वहीत प्रत्येक वस्तूचं नाव, अनुक्रमांक, बिलाची तारीख, आणि शेवटचा रकाना 'कुठे आहे'. कोणी नेलं तर तिथे नाव आणि तारीख. माझा तिपाई स्टँड दीड वर्ष मेहुण्याकडे होता, हे या वहीमुळेच कळलं. चोरी झाली किंवा विम्याचा प्रश्न आला, तरी हाच कागद कामाला येतो.

खणही कामाप्रमाणे करा. एकात कॅमेरा आणि लेन्स, दोन्ही बाजूंची झाकणं लावून. दुसऱ्यात चार्जर आणि वायरी. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहा. तिसऱ्यात पुसायचं कापड, हवेचा फुगा, ब्रश. मेमरी कार्डांची छोटी डबी वेगळी: रिकामं कार्ड सुलटं, भरलेलं उलटं. विसर्जनाच्या गर्दीत ही एक सवय फार वाचवते.

कपाट कुठे असावं? बाहेरच्या भिंतीला नको, तिला ओल येते. माळ्यावर नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते. जमिनीलगत नको. घराच्या आतल्या भिंतीला, कमरेच्या वर.

हे 'जमिनीलगत नको' मी ज्या दिवशी शिकलो, तो दिवस तुम्हालाही आठवतो. २०२४ च्या ऑगस्टची अखेर. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. आमच्या घरात रात्री घोट्यापर्यंत होतं, पहाटे मांडीला लागलं. माझे कॅमेरे, लेन्स, डबे, वही, सगळं वरच्या खोलीत, कोरडं ठणठणीत. मी त्या रात्री बायकोला अभिमानाने सांगितलंही, "बघ, माझं सामान सुरक्षित आहे."

पाणी उतरल्यावर तिने खालच्या कपाटाचा शेवटचा खण ओढला, तर तो उघडेना. लाकूड फुगलं होतं. त्यात बाबांच्या निगेटिव्ह होत्या. अकरा पाकिटं. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. ती पाकिटं 'सवडीने लावू' म्हणून मी तिथेच ठेवली होती. माझ्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये साठ रुपयांच्या ब्रशाची नोंद होती, त्या अकरा पाकिटांची नव्हती. त्यांचं बिल नव्हतं ना!

लेन्स पुन्हा विकत मिळते. आमच्या आजीचा अंगणातला फोटो कुठल्या दुकानात मिळणार?

त्या दिवशी एक गोष्ट मला वाचून माहीत होती, तिचा उपयोग झाला. ओल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटलेल्या असताना वाळू द्यायच्या नाहीत. वाळल्या की वरचा सरसासारखा थर कायमचा चिकटतो. मी बादलीत स्वच्छ गार पाणी घेतलं, पाकिटं त्यात सोडली, पाण्यातच एकेक पट्टी हलकेच सोडवली. न चोळता दोन-तीन वेळा पाणी बदललं, आणि कडेला चिमटे लावून सावलीत दोरीवर टांगल्या. पाण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. कागदावरच्या फोटोंचंही तसंच, फक्त ते चित्राची बाजू वर करून पसरायचे. अकरातली सहा पाकिटं वाचली. पाच गेली. आजी त्या पाचांत गेली.

पुराचं पाणी आत गेलेला कॅमेराही चालू होतो का ते बघायला बटण दाबू नका. तांदळातही पुरू नका. बॅटरी आणि कार्ड काढा आणि कारागिराकडे न्या.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. आधी निगेटिव्ह आणि जुने फोटो, मग डिजिटल फायली, मग कॅमेरे. निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक बाह्यांत ठेवा, पीव्हीसीच्या नकोत. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हळूहळू खराब होतात, ते सोडवून घ्या, पण ओढून फाडू नका. लॅमिनेशन करू नका. निगेटिव्हला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. तिला बाकीच्यांपासून वेगळी करा आणि लगेच स्कॅन करून घ्या.

फायलींसाठी पीटर क्रोह या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. माझी बाहेरची प्रत पुण्याला बहिणीकडे आहे. दर दिवाळीला हार्ड डिस्क बदलतो, आणि मधून एकदा ती तिला लावून बघायला सांगतो. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं.

आता शेवटची विनंती. वाचलेल्या सहा पाकिटांत आपल्या मंडळाचे जुने फोटो आहेत. मी ते स्कॅन केले. एका फोटोत मखरासमोर चौदा माणसं उभी आहेत. त्यांतली नऊ मला ओळखता येतात, पाच नाहीत. बाबांना सगळी माहीत होती, आणि मी कधी विचारलं नाही. इथे पहिल्या दोन रांगांत बसलेल्या काका-काकूंपैकी कोणाला ती नक्की माहीत असणार. नाव हाही फोटोचाच भाग आहे, आणि तो कुठल्याच डब्यात टिकत नाही. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहिलं तरच टिकतो. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो.

म्हणून यंदा गणपतीत एका दुपारी, प्रसादानंतर, मी स्कॅनर घेऊन हॉलमध्ये बसणार आहे. आपापले जुने फोटो घेऊन या. दोन मिनिटांत स्कॅन करून तिथल्या तिथे परत देईन, कोणाचा फोटो ठेवून घेणार नाही. नावं सांगायला ज्येष्ठ मंडळींनी यावं. तरुणांनी शेजारी बसून वहीत लिहून घ्यावं. आणि हो, कोणाकडे आमच्या अंगणातल्या खुर्चीवर बसलेल्या एका म्हातारीचा चौकोनी फोटो निघाला, नऊवारी नेसलेली, मागे तुळशीवृंदावन, तर मला जरूर सांगा. बाबा प्रती काढून वाटायचे. कुठेतरी असेल.



गणपती बाप्पा मोरया!