जोड्या शाबूत, ताल बेपत्ता

श्रावणातल्या मंगळवारी गिरगावच्या फणसवाडीतल्या चाळींत अजूनही फुगड्या रंगतात. तिथून कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था काही फार लांब नाही. तरी नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांत तिथं काय सापडलं, हे गिरगावकरांच्या कानी गेलेलं नाही. आजचं भाषण त्याबद्दलच.

अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या कूपर जोड्या जमतात, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच. जोडीतल्या दोघांचे स्पिन एकमेकांत गुंफलेले असतात. एकट्याची दिशा ठरलेली नसते, पण एक वर सापडला की दुसरा खालीच. ही क्वांटम गुंफण. मात्र रोध शून्य व्हायला एवढ्यानं भागत नाही. दोघींनी हात धरले की फुगडी होते. चौकातल्या सगळ्या फुगड्या एका तालावर आल्या तरच अतिवाहकता.

आता त्याच चौकात पिंपं, पाट, सायकली आडव्यातिडव्या ठेवा. धातूतली अव्यवस्था ती हीच. नायोबियम नायट्राइडच्या थरांत तर नायोबियमच्या अणूंच्या जागाच जागोजाग रिकाम्या! थोडीफार अडगळ, चुंबकीय नसेल तर, अतिवाहकतेला फारशी नडत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९५९मध्ये दाखवलं होतं. पण अडगळ फारच झाली तर? १९९८मध्ये याच संस्थेतल्या अमित घोषाल, मोहित रांदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी गणितानं उत्तर दिलं: अतिवाहकतेची सुटी सुटी बेटं होतील.

पुढे प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं हे थर मुद्दाम बिघडवत नेले. चांगला थर सुमारे १६ केल्विनला अतिवाहक होतो. बिघाडाबरोबर हा आकडा घसरत गेला. आणि २०११मध्ये प्रसिद्ध झालेली गंमत अशी की, खूप बिघडलेला थर तापवल्यावर त्यात रोध परत आला, तरी टनेलिंग सूक्ष्मदर्शकाला जोड्यांची खूण असलेली ऊर्जेची फट दिसतच होती.

पुन्हा सांगायला हवं, कारण नेमकं हेच निसटतं. हात सुटले नव्हते. कोपऱ्याकोपऱ्यात फुगड्या चालूच होत्या. एका कोपऱ्याचा ठेका दुसऱ्याला कळेना, एवढंच. शुद्ध थर तापवला तर हात आणि ताल एकदमच सुटतात, म्हणून घोटाळा होतो. पण ‘अतिवाहकता गेली, म्हणजे जोड्या तुटल्या’ असं सरसकट शिकवणाऱ्यांचे कान एकदा प्रेमानं धरायलाच हवेत.

याच नायोबियम नायट्राइडच्या बारीक तारा प्रकाशाचा एकेक कण टिपतात, आणि गुंफलेल्या प्रकाशकणांच्या प्रयोगांत त्या वापरतातही. कण पडला की तारेतल्या जोड्यांचं काय होतं, तिथं अव्यवस्था नडते की... निवेदकांनी घड्याळ दाखवलं आहे. ते आता पुढच्या वेळी.