सिंधुदुर्गाच्या तीन विहिरी



मी सातवीपर्यंत शिकलेली. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण मी व माझ्या थोरल्या नणंदबाई माघात मालवणला जाऊन आलो, तेव्हा तिथले चार शब्द सांगा, असा आपण आग्रह धरलात, म्हणून उभी राहिले आहे.

मालवण गाव लहान. कौलारू घरे, माडांची दाटी, बंदरावर होड्या आणि समोर समुद्रात सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. १६६७ साली काम पुरे झाले. पायात शिसे ओतले आहे असे सांगतात. दरवाजा असा बेताने बांधला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही! आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून ठसाही दाखवतात. तिथे हात जोडताना नणंदबाईंचे डोळे भरून आले.

पुरुषमंडळी बुरूज मोजतात, तोफा पाहतात. आपले बायकांचे लक्ष आधी पाण्याकडे जायचे. चहूकडे खारा समुद्र आणि मधे तीन गोड्या विहिरी! दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावे ठेवणाऱ्याला तहानेची किंमत ठाऊक असली पाहिजे. वेढा पडला तर तोफा लढतील, पण घागर रिकामी झाली तर किल्ला किती दिवस टिकणार?

समुद्रात गोडे पाणी कसे, ते माझ्या मुलाने समजावले. लहान बेटांवर पाऊस जमिनीत मुरतो. गोडे पाणी हलके, म्हणून दुधावर साय धरावी तसे ते खाऱ्या पाण्यावर राहते. मात्र उपसा बेसुमार केला तर खालचे खारे वर येते. म्हणजे साय जपूनच काढायला हवी.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. आनंदच आहे. पण भगिनींनो, आपल्या वाडीतल्या विहिरीला काय मान आहे? नळ आले आणि तिच्यात निर्माल्य, फुटक्या तसबिरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या पडू लागल्या. दोन वर्षे वैशाखात आपण टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या आहोत, आणि विहीर तिथेच, दहा पावलांवर!

माझी एकच विनंती आहे. येत्या संक्रांतीला वाण लुटू नये. ते पैसे एकत्र करून विहिरीचा गाळ काढावा, वर जाळी बसवावी. पाणी तपासून घ्यावे, पिण्याजोगे नसले तरी धुण्याभांड्यांना होईल.

मालवणला जरूर जा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेवढे ध्यानात ठेवा. आणि गेलात की तिन्ही विहिरींत डोकावल्यावाचून परतू नका.