माळकऱ्यांचं ताट

बीड जिल्ह्यात शाकाहाराचा प्रचार झाला तो हरिनाम सप्ताहाच्या मांडवातून. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे वारकरी संत भगवानबाबा (१८९६–१९६५) कीर्तनातून पशुहत्येला विरोध करत. तुळशीची माळ गळ्यात पडली की वशाट, म्हणजे मांसाहार, सुटलं, हा वारकऱ्यांचा साधा नेम. सप्ताहाचं काम गावकरीच उचलतात, बिनपगारी: कुणी पाणी भरतं, कुणी पंगतीत वाढतं, घराघरांतून भाकरी येतात. या भाकरीच्या ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं; ते तुरीच्या वरणातून भरून निघतं. ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र उरतोच. माळकऱ्याला दूध-ताक चालतं, म्हणून त्याचं बरंचसं निभावतं. तेही सोडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी.