कर्जाचा सौदा आणि कर्जदाराचा हक्क

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'ग्रामीण कर्जबाजारीपणा' हा फार मोठा विषय मला नेमून देण्यात आला आहे. त्याच्या एका कोपऱ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. कारण त्या कोपऱ्यात अडकलेली माणसे सध्या आपल्या दारी येत आहेत आणि त्यांना काय सांगावे हे आपल्यापैकी अनेकांना उमगत नाही.

अशा माणसाची हकीकत बहुधा एकाच वळणाची असते. घर किंवा दुकानाचा गाळा तारण ठेवून त्याने बँकेचे कर्ज काढलेले असते. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली झाडे स्वतःच्या हाताने तोडली. बागाईतदाराचा हात आखडला तसा बाजारपेठेतल्या दुकानदाराचाही आखडला आणि हप्ते थांबले. बँकेने दोनचार पत्रे पाठविली आणि मग ती गप्प बसली. प्रकरण मिटले अशी कर्जदाराची समजूत झाली. पुढे एके दिवशी, ज्या कंपनीचे नावही त्याने कधी ऐकलेले नाही अशा कंपनीची नोटीस येते: तुमचे कर्ज आम्ही विकत घेतले आहे, व्याजासह एवढी रक्कम साठ दिवसांत भरा, अन्यथा तारण मालमत्तेचा ताबा घेण्यात येईल. नोटीस हातात धरून तो माणूस आपल्याला विचारतो, "मी यांच्याकडून पैसे घेतले तरी कधी?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नेमका मर्मावर बोट ठेवणारा आहे. कर्ज ही दोन माणसांमधली गोष्ट आहे असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. कायद्याच्या दृष्टीने कर्ज ही सावकाराची मालमत्ता आहे आणि मालमत्ता विकता येते. 2002 साली संसदेने जो कायदा केला, व्यवहारात ज्याला 'सरफेसी' म्हणतात, त्याने बँकांना दोन अधिकार दिले. पहिला, न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा. दुसरा, थकीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकण्याचा. विक्री झाली की बँकेचे सारे अधिकार त्या कंपनीकडे जातात. कर्जदाराची संमती लागत नाही.

या कायद्यातील पहिल्या अधिकाराची ओळख आपल्या जिल्ह्याला पूर्वीच झालेली आहे. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना कर्जापायी राज्य सहकारी बँकेच्या हाती गेला आणि 2012 साली लिलावात सुमारे 42 कोटी रुपयांना विकला गेला. 2022 साली अंमलबजावणी संचालनालयाने त्याच मालमत्तेवर टाच आणली तेव्हा तिची किंमत 78 कोटींच्या वर दाखविण्यात आली. त्या व्यवहारात कोणाचे काय चुकले हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे, माझा मुद्दा निराळा आहे. ज्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभा राहिला, त्यांना किंमत ठरत असताना कोणी विचारले नाही. तारण कितीला जाते, कर्ज कितीला जाते, या गोष्टी ज्याच्या मानेवर ओझे आहे त्याच्या पाठीमागे ठरतात. कारखान्याच्या बाबतीत निदान लिलाव जाहीर तरी होता. घरावरील कर्ज विकले जाते तेव्हा तेवढाही गाजावाजा होत नाही.

किमतीच्या या प्रश्नावर थोडे थांबू या. उदाहरणादाखल आकडे घेतो, हे कोणा एकाचे आकडे नव्हेत. मूळ कर्ज चार लाख. व्याज आणि दंडव्याज धरून आज बँकेच्या वहीत नऊ लाख. हे कर्ज वसूल होण्याची आशा बँकेला राहिलेली नाही, म्हणून ती ते कंपनीला दोन लाखांना देते. कंपनी कर्जदाराकडे नऊ लाख मागते. आता कर्जदार बँकेत जाऊन म्हणाला असता, "साहेब, दागिने मोडून, मेहुण्याकडून उसने घेऊन अडीच लाख आणतो, माझे घर मोकळे करा," तर त्याला काय उत्तर मिळाले असते? बहुधा, "आम्हाला तसा अधिकार नाही." जी सूट कर्जदाराला द्यायला बँकेपाशी अधिकार नसतो, त्याहून मोठी सूट परक्या कंपनीला देण्याचा अधिकार मात्र तिच्यापाशी असतो! वर, मालमत्ता पुनर्रचना कंपनीला कर्ज हस्तांतरित करण्याच्या करारावर मुद्रांक शुल्कही लागत नाही, 2016 च्या दुरुस्तीने ते माफ करण्यात आले. दहा गुंठे जमीन घेणारा आपला माणूस मुद्रांक शुल्क भरतो, त्याचे कर्ज घेणारी कंपनी भरत नाही.

हा व्यवहार कर्जदाराच्या दृष्टीने अन्यायाचा आहे हे जगाला फार पूर्वी कळलेले होते. सहाव्या शतकात अनास्तासियस या रोमन सम्राटाने असा नियम केला की दुसऱ्याचे कर्ज सवलतीत विकत घेणाऱ्याने ऋणकोकडून आपण मोजलेल्या किमतीपेक्षा अधिक वसूल करू नये. तो नियम पुढे कुठे कुठे गेला याची मोठी हकीकत आहे, पण आपल्याला जवळची गोष्ट अशी की तो हिंदुस्थानातही आला होता. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या मूळ कलम 135 मध्ये तरतूद होती की असा दावा विकला गेल्यास, ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याने खरेदीदाराला खरेदीची किंमत, व्यवहाराचा खर्च आणि त्या किमतीवरील व्याज दिले की तो पूर्णपणे मोकळा होतो. त्याला काही अपवाद होते. 1900 साली कायद्याचे ते सारे प्रकरण नव्याने लिहिण्यात आले आणि ही तरतूद गळाली. आपण मराठवाड्यातले लोक तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे तिचा लाभ आपल्या पणजोबांना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु जे कलम इंग्रज सरकारने एकदा पुस्तकात लिहिले होते ते स्वतंत्र भारताच्या संसदेने मागितले तर काही अघटित मागितले असे होणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. घर किंवा उपजीविकेचे साधन तारण असलेले लहान कर्ज बँक ज्या किमतीला विकायला तयार असेल, ती किंमत प्रथम कर्जदाराला लेखी कळवावी आणि तेवढ्या रकमेत, खर्च धरून, कर्ज फेडण्याचा पहिला हक्क त्याला द्यावा. त्याने मुदतीत तो वापरला नाही तर बँकेने खुशाल विकावे.

यावर ठरलेला आक्षेप येतो की असे केले तर सारेच लोक मुद्दाम हप्ते थकवतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पतसंस्थांत ज्यांच्या ठेवी बुडाल्या अशी माणसेही आपलीच आहेत आणि कर्ज फेडलेच पाहिजे हे त्यांच्यासमोर सांगायला आपण कचरता कामा नये. परंतु हा आक्षेप घेणारी व्यवस्था स्वतः काय करते? रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या परिपत्रकाने मुद्दाम कर्ज बुडविणाऱ्यांच्या आणि फसवणुकीच्या खात्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली, फौजदारी कारवाई चालू ठेवून का होईना. 2021 साली पाचशे कोटी आणि त्याहून मोठी थकीत कर्जे घेण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिच्या प्रतिभूती पावत्यांना केंद्र सरकारने 30,600 कोटी रुपयांपर्यंत हमी दिली. पाचशे कोटींच्या थकबाकीसाठी सरकार उभे राहते आणि पाच लाखांच्या घरासाठी 'शिस्त बिघडेल' असे सांगितले जाते. शिस्त बिघडायचीच असेल तर ती वरून बिघडते.

सरकारला जुने तारणकर्ज सोडविता येतच नाही, असेही नाही. भूविकास बँकेचे उदाहरण जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. विहीर, इंजिन, पाइपलाइन यांसाठी जमीन गहाण ठेवून घेतलेली ती कर्जे. बँक बंद पडली तरी सातबारावरचा बोजा तसाच राहिला. त्यामुळे नवे कर्ज मिळेना, वाटणीपत्र होईना. शेवटी 2022 साली राज्य मंत्रिमंडळाने 34,788 शेतकऱ्यांचे सुमारे 964 कोटी रुपयांचे कर्ज माफ केले. ते कर्ज सरकारच्या आवाक्यातील संस्थेकडे होते म्हणून ते शक्य झाले. खाजगी कंपनीला विकलेले कर्ज अशा कोणत्याही कर्जमाफीच्या यादीत येत नाही.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हाती काय आहे, ते आता सांगतो. येथे घाईने बोलणारा कार्यकर्ता नुकसान करतो, म्हणून सावकाश ऐका.

बँकेने वहीतून कर्ज काढून टाकले, म्हणजे 'राइट ऑफ' केले, याचा अर्थ ते माफ झाले असा नाही. ही गफलत सर्वत्र आहे आणि तिच्यापायी लोक नोटिशी फाडून टाकतात. नोटीस फाडू देऊ नका. तिला लेखी आक्षेप घेता येतो आणि कंपनीला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. त्या आक्षेपात कर्ज हस्तांतरित झाल्याच्या कराराची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागा. 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यानंतर 1879 चा कायदा आला आणि न्यायालयाला कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब करता येऊ लागला. आज तो हिशेब आपल्यालाच मागावा लागतो, आणि तो मागितला की आकडा पुष्कळदा खाली येतो.

शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जालाही तो लागू नाही. परंतु सातबारावर 'शेती' लिहिलेले आहे एवढे पुरत नाही. जमीन प्रत्यक्ष कसली जाते का हे पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. तेव्हा पीकपाहणीची नोंद दर हंगामाला झालीच पाहिजे. ई-पीक पाहणीचा कंटाळा करणाऱ्यांना हे समजावून सांगा.

मुदतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. गहाणाच्या वसुलीला बारा वर्षांची मुदत आहे. 2013 साली थकलेल्या कर्जाची मुदत 2025 च्या आसपास भरते. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने कर्ज लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम भरून तशी सही केली, तर बारा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणून वसुलीदार गोड बोलून म्हणतो, "काका, पाच हजार भरा आणि येथे सही करा, साहेबांना सांगतो." वकिलाला दाखविल्याशिवाय ती सही होऊ देऊ नका. उलट, मुदत शिल्लक असताना आणि घर खरोखरच जाणार असताना नुसत्या मुदतीच्या भरवशावर बसणेही घातक आहे. कोणाला कोणता सल्ला द्यायचा हे कागद पाहूनच ठरवावे लागते. सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई आहे, हे मात्र प्रत्येकाला सांगता येईल.

कंपनीने ताब्याची कारवाई केली तर पंचेचाळीस दिवसांच्या आत छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागते. जालन्याच्या दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही. आपले लोक येथेच फेऱ्या मारतात आणि त्यांचे पंचेचाळीस दिवस निघून जातात. 2004 पर्यंत तेथे जाण्यापूर्वी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरविली, त्यामुळे आता फक्त शुल्क लागते.

तडजोड झालीच तर ती कंपनीच्या लेखी पत्रावर व्हावी आणि पैसे खात्यातच भरावेत, वसुलीदाराच्या हातात एक रुपयाही नको. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. विलंब कंपनीच्या बाजूने असेल तर दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. ना-देय दाखला कंपनीकडून घ्यायचा, जुन्या बँकेकडून नव्हे, आणि तो हाती पडताच बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा. भोकरदन, अंबड आणि मंठा येथून आलेल्यांपैकी ज्यांच्याकडे अशा नोटिशींच्या प्रती आहेत, त्यांनी दुपारच्या सत्रापूर्वी त्या माझ्याकडे द्याव्यात. तारखा आज येथेच मोजून घेऊ.